आधी वासराचा वाटा : गाईच्या विण्याभोवतीचे सहा आठवडे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून गाईच्या कासेविषयी आणि चिकाविषयी बोलण्याची अनुमती संयोजकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय सभागृहाला काहीसा अपरिचित वाटेल. परंतु बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला तो परका असण्याचे कारण नाही. येथून तासाभराच्या अंतरावर आणंद आहे. १४ डिसेंबर १९४६ रोजी तेथे खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली आणि त्यातून पुढे देशभर पसरलेली एक चळवळ उभी राहिली. आपल्या दारात पहाटे येणारी दुधाची पिशवी ही त्याच चळवळीची देणगी आहे.

त्या पिशवीमागे प्रामुख्याने मोठमोठे गोठे नाहीत. दोन-तीन जनावरे बाळगणारी लक्षावधी घरे आहेत. अशा घरातील तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरात आलेली गाय व्याल्यानंतर दुसऱ्या दिवशी दगावली, तर त्या घराचे वर्षभराचे अंदाजपत्रक कोलमडते. मुलांची फी, उसनवारी, औषधपाणी, सारेच त्या एका कासेवर विसंबलेले असते. आणि दुःखाची गोष्ट ही, की असे पुष्कळसे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. ते कसे, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

गाय विण्यापूर्वीचे तीन आठवडे आणि विण्यानंतरचे तीन आठवडे या काळाला आमच्या शास्त्रात संक्रमणकाळ म्हणतात. गाईच्या एका वेतातील बहुतेक गंभीर आजार या सहा आठवड्यांत एकवटलेले असतात. दुग्धज्वर, वार अडकणे, गर्भाशयाचा दाह, कासदाह, रक्तात कीटोन वाढणे, अशी त्यांची नावे निरनिराळी असली तरी मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्या गुंत्याचा एक प्रमुख धागा म्हणजे कॅल्शियम. माझे सारे म्हणणे थोडक्यात असे आहे : व्याल्यावर कोसळणारी गाय कॅल्शियमच्या दारिद्र्यामुळे कोसळत नाही. तिच्या शरीरात साठा विपुल असतो. तो वेळेवर बाहेर काढण्याची शरीराची तयारी झालेली नसते. म्हणून खरा उपाय व्याल्यानंतरच्या बाटलीत कमी आणि विण्यापूर्वीच्या गव्हाणीत अधिक आहे.

हा हिशेब आकड्यांत पाहू. सुमारे सहाशे किलो वजनाच्या होल्स्टीन गाईच्या हाडांत आठ किलोच्या आसपास कॅल्शियम असते. याउलट तिच्या रक्तद्रवात एका वेळी फिरणारे कॅल्शियम केवळ तीन ग्रॅमच्या घरात असते. पेशींच्या बाहेरील सर्व द्रव मोजला तरी हा आकडा आठ-दहा ग्रॅमच्या पुढे जात नाही. आता चिकाकडे पाहा. एक लिटर चिकात सुमारे २.३ ग्रॅम कॅल्शियम असते. दहा लिटर चीक काढला की २३ ग्रॅम कॅल्शियम शरीराबाहेर गेले. म्हणजे रक्तद्रवात होते त्याच्या सातपटीहून अधिक. भाकड काळात गर्भाच्या वाढीसाठी दिवसाला दहा ग्रॅमच्या आतबाहेर कॅल्शियम पुरत होते. ही मागणी एका रात्रीत काही पटींनी वाढते. रक्तात इतके अल्प कॅल्शियम असताना गाय उभी राहू शकते, याचा अर्थच असा की बाहेर गेलेला प्रत्येक ग्रॅम आतून तितक्याच वेगाने भरला जात असला पाहिजे.

हे भरणे मागे पडले की जे घडते त्याला दुग्धज्वर म्हणतात. नाव फसवे आहे. या आजारात ज्वर नसतो. उलट अंग थंड पडते, कान हाताला गार लागतात. निरोगी गाईच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे साडेआठ ते दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते साडेपाचच्या खाली उतरले की स्नायू आज्ञा मानीनासे होतात. आरंभी गाय अस्वस्थ होते, मागच्या पायांवर डोलते, अंगावर थरथर उठते. मग ती बसते आणि मान वळवून डोके कुशीवर टेकते. रवंथ थांबतो, शेण-मूत्र बंद होते. यानंतरही उपचार न मिळाले तर ती आडवी होते, शुद्ध हरपते आणि काही तासांत हृदय थांबते. गोठ्यात झोपलेली वाटणारी गाय वास्तविक मृत्यूच्या दारात असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातही या आजाराने पडलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक गाई मरत. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील पशुवैद्य युर्गेन श्मिट यांनी एक उपचार प्रसिद्ध केला. कासेत काही विष तयार होत असावे, या समजुतीने त्यांनी सडांतून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण कासेत सोडले. गाई उठू लागल्या. पुढे काही वर्षांतच असे दिसून आले की औषधाची गरजच नाही. कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. मग खेडोपाडी हवा भरण्याचे पंप वापरात आले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले.

उपचार बरोबर होता, उपपत्ती मात्र चुकीची होती. कासेत विष वगैरे काही नव्हते. हवेच्या दाबाने दूध तयार होण्याचे थांबत असे, दूध थांबले की कॅल्शियमचा ओघ थांबे, आणि रक्तातील पातळी सावरण्यास शरीराला उसंत मिळे. हे कोडे उलगडण्यास १९२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्कॉटलंडमधील ड्रायर आणि ग्रेग यांनी दुग्धज्वराच्या मुळाशी कॅल्शियमची उणीव असावी असा विचार मांडला, तर लिटल आणि राइट यांनी आजारी गाईंच्या रक्तात ती उणीव प्रत्यक्ष मोजून दाखवली. पुढील दशकात कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे इंजेक्शन प्रचारात आले आणि पंपाचे युग संपले. शिरेतून कॅल्शियम जाऊ लागताच गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते आणि पुष्कळदा बाटली संपल्यावर थोड्याच वेळात स्वतःच्या पायांवर उभी राहते. पशुवैद्यकातील इतका नाट्यपूर्ण उपचार दुसरा क्वचितच असेल.

या नाट्यामुळेच एक गैरसमज रुजला : कॅल्शियम दिल्याने गाय उठते, म्हणून कॅल्शियम कमी पडल्याने ती पडली असली पाहिजे आणि विण्यापूर्वी जितके कॅल्शियम चारावे तितके बरे. हाडांत आठ किलो साठा असलेल्या प्राण्याला असे का व्हावे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

साठा बाहेर काढण्याची यंत्रणा अशी आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीजवळ पॅराथायरॉइड नावाच्या चार लहानशा ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम किंचित घसरताच त्या एक संप्रेरक सोडतात. हे संप्रेरक मूत्रपिंडाला सांगते की कॅल्शियम वाया घालवू नकोस. हाडांना सांगते की साठा मोकळा करा. आणि मूत्रपिंडातच ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करवून आतड्यांना चाऱ्यातून अधिक कॅल्शियम शोषण्यास लावते. पहिले काम काही मिनिटांत होते. पण त्यातून मिळणारी बचत अगदी थोडी असते. आतड्यांचे काम पूर्ण वेगाने सुरू होण्यास दिवसभर लागतो आणि हाडांतील साठा भरपूर प्रमाणात मोकळा होण्यास दोन दिवसांच्या आसपास. मागणी मात्र पहिल्या धारेपासूनच पूर्ण असते. दुग्धज्वर बहुतांशी व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच का होतो, याचे उत्तर या विलंबात आहे.

वय वाढते तसा हा विलंब वाढतो. पहिलारू कालवडीची हाडे अद्याप वाढत असतात, त्यांत घडमोड सतत चालू असते. शिवाय तिचे दूधही कमी असते. म्हणून तिला दुग्धज्वर सहसा होत नाही. तिसऱ्या वेतापासून धोका वाढू लागतो. जर्सी रक्ताच्या गाईंत तो विशेष आढळतो आणि अधिक दूध देणाऱ्या संकरित गाईंत व म्हशींतही तो आपल्याकडे नित्याचा आहे. कमी दुधाच्या गावठी गाईंत तो क्वचित दिसतो, याचे कारण उघड आहे : तेथे मागणीच बेताची असते.

भाकड काळात ही यंत्रणा जागी राहावी कशी? १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातील बोडा आणि कोल यांनी दाखवून दिले की विण्यापूर्वी आहारात कॅल्शियम कमी ठेवलेल्या गाईंना दुग्धज्वर होत नाही. ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटावे. पण वरील यंत्रणा ध्यानात घेतली की त्यातील तर्क स्पष्ट होतो. चाऱ्यातून थोडे कमी मिळाले की पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात, आतडी आणि हाडे प्रसूतीपूर्वीच सज्ज होतात. उलट शेवटच्या महिन्यात कॅल्शियमची औषधे मुबलक पाजली, तर त्या ग्रंथींना काही कामच उरत नाही. आणि ज्या रात्री त्यांची सर्वाधिक गरज असते त्या रात्री त्या निद्रिस्त असतात. मायेने दिलेली बाटली अशा रीतीने अपायाचे निमित्त ठरते.

याहून सूक्ष्म असे दुसरे कारण चाऱ्यातील पोटॅशियमचे आहे. नॉर्वेतील संशोधकांना १९६० च्या दशकात असे आढळले की आम्ल घालून मुरवलेला चारा खाणाऱ्या गाईंना दुग्धज्वर कमी होतो. १९८४ मध्ये कॅनडात एलियट ब्लॉक यांनी आहारातील क्षारांचा समतोल बदलून हीच गोष्ट नेमकेपणाने सिद्ध केली. पोटॅशियम आणि सोडियम यांचे आधिक्य असलेल्या आहाराने रक्त किंचित अल्कधर्मी होते. तशा रक्तात पॅराथायरॉइडचा निरोप निघतो, परंतु हाडांना व मूत्रपिंडाला तो नीट ऐकू येत नाही. क्लोराइड आणि सल्फेटयुक्त क्षार दिल्याने हा समतोल आम्लाकडे झुकतो आणि निरोप पोहोचतो. ही यंत्रणा चालण्यास मॅग्नेशियमही हवे. ते कमी पडले की निरोप निघणे आणि ऐकू येणे, दोन्ही मंदावते.

आपल्याकडील गोठ्यात याचा अर्थ काय? मराठीत ज्याला लसूणघास म्हणतात आणि गुजरातेत रजको, तो चारा दुभत्या गाईला उत्तम. परंतु त्यात कॅल्शियमही भरपूर आणि पोटॅशियमही भरपूर. विण्याच्या अखेरच्या तीन आठवड्यांत गाभण गाईपुढे लसूणघासाचे भारे टाकणे म्हणजे यंत्रणेला दोन्ही बाजूंनी झोपवणे होय. त्या काळात ज्वारी-मक्याची वैरण, वाळला चारा आणि बेताचा खुराक हा आहार तिला अधिक मानवतो. व्याल्यानंतर मात्र लसूणघास आणि खनिज मिश्रण दोन्ही हवीतच. वस्तू तीच, एकवीस दिवसांच्या अंतराने ती अपथ्याची पथ्य होते.

आता कासेकडे वळू. दूध म्हणजे रक्त गाळून केलेला पदार्थ नव्हे. कासेतील सूक्ष्म पुटकुळ्यांच्या भिंतींत असलेल्या पेशी रक्तातून कच्चा माल घेतात आणि दूध घडवतात. एक लिटर दूध घडण्यासाठी सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून वाहावे लागते. रक्तातील ग्लुकोजपासून दुग्धशर्करा तयार होते आणि ती पाणी ओढून घेते. दुधाचे आकारमान तिच्यावर ठरते. केसीन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म कण कॅल्शियम व फॉस्फेट यांना आपल्यात बांधून ठेवतात. या कणांवरून प्रकाश विखुरतो म्हणून दूध शुभ्र दिसते. कॅल्शियम इतक्या मोठ्या प्रमाणात द्रवरूपात वाहून नेण्याची ही निसर्गाची युक्ती आहे. कारण वासराला पहिल्या महिन्यांत हाडे बांधावयाची असतात. आईच्या रक्तात कॅल्शियम घटले म्हणून कास दुधातील कॅल्शियम कमी करीत नाही. वासराचा वाटा अबाधित राहतो आणि तूट सोसते ती आई.

अर्थात कास केवळ घेणारी नाही. अलीकडच्या संशोधनातून असे पुढे आले आहे की कासेतील पेशी सेरोटोनिन तयार करतात आणि त्याच्या प्रेरणेने पॅराथायरॉइड संप्रेरकाशी साम्य असलेले एक द्रव्य कासेतून रक्तात जाते. हाडांनी कॅल्शियम सोडावे, असा निरोप कासही अशा रीतीने धाडत असते. व्याल्यानंतर पहिल्या आठवड्यांत निरोगी गाईच्याही हाडांतून काही कॅल्शियम निघून जाते आणि वेताच्या उत्तरार्धात ते पुन्हा भरून येते. म्हणून वेताच्या अखेरीस गाय आटवून तिला सुमारे दोन महिने भाकड ठेवणे ही चैन नाही. त्या अवधीत कासेतील जुन्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात.

आतापर्यंत मी पडलेल्या गाईविषयी बोललो. परंतु जी पडत नाही, केवळ थोडी मंद दिसते, तिची संख्या कितीतरी अधिक असते. अमेरिकेतील पाहणीत दुसऱ्या वेतापासूनच्या पुढील गाईंपैकी जवळपास निम्म्या गाईंच्या रक्तात व्याल्यानंतरच्या दोन दिवसांत कॅल्शियम आवश्यकतेपेक्षा कमी आढळले. त्या उभ्या होत्या, चारा खात होत्या, दूध देत होत्या. पण या छुप्या तुटीची किंमत शरीराच्या संरक्षणाला मोजावी लागते.

संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूची चाहूल लागताच आपल्या आतील कोठारातून कॅल्शियम मोकळे करतात. कॅल्शियमची ती उसळी हा त्या पेशीला मिळालेला ‘ऊठ’ असा इशारा असतो. आयोवा राज्यातील एम्स येथील राष्ट्रीय पशुरोग केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की विणाऱ्या गाईच्या पेशींतील ही कोठारे रक्तातील पातळी पूर्ण घसरण्यापूर्वीच रिती होऊ लागलेली असतात. इशाराच क्षीण झाला की पेशी जंतूपर्यंत पोहोचली तरी त्वेषाने तुटून पडत नाही. त्यात प्रसूतीच्या सुमारास वाढणारे ताणाचे संप्रेरक, अखेरच्या दिवसांत घटलेले खाणे आणि सारे ग्लुकोज कासेकडे वळल्याने पडणारी शक्तीची ओढ यांची भर पडते. जेव्हा गर्भाशयाचे दार उघडे आहे आणि सडांत दूध उतरले आहे, नेमक्या त्याच वेळी पहारेकरी दुर्बल झालेले असतात.

वार न पडणे हा याचाच एक परिणाम. प्रसूतीनंतर वार ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू ठरते आणि ती सोडवण्याच्या कामी पांढऱ्या पेशींचाही मोठा हातभार असतो. त्या पेशी मंद असतील तर वार चिकटून राहते. कॅल्शियमअभावी गर्भाशयाचे आकुंचनही ढिले पडते. तीच गोष्ट कासेची. धार काढल्यावर सडाचे तोंड मिटवणारा स्नायू शिथिल राहतो, अशक्त गाय शेणामुतात बसते आणि जंतूंना वाट मोकळी मिळते. न्यूयॉर्क राज्यातील गाईंच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुग्धज्वर झालेल्या गाईंना कासदाहाचा संभव सुमारे आठपट आढळला होता. ‘आधी गाय पडली, मग कास दगडासारखी झाली’ अशी तक्रार शेतकरी करतो तेव्हा तो दोन दुर्दैवे सांगत नसतो. एकाच घटनेचे दोन अध्याय सांगत असतो.

आणि आता वासराकडे. मानवी अर्भकाला जन्मापूर्वीच वारेतून आईची प्रतिपिंडे मिळतात. गाईची वार अशी घडलेली आहे की तीतून ही प्रतिपिंडे जाऊ शकत नाहीत. वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. निसर्गाने त्याची सोय चिकात केली आहे. विण्यापूर्वीच्या आठवड्यांत गाईच्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत जमा होतात. पहिल्या चिकात प्रथिने चौदा टक्क्यांच्या घरात असतात, तर साध्या गाईच्या दुधात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. या अधिकच्या प्रथिनांत मोठा भाग प्रतिपिंडांचा असतो. नवजात वासराचे आतडे हे मोठे रेणू जसेच्या तसे रक्तात घेऊ शकते. पण ही वाट दर तासाला अरुंद होत जाते आणि चोवीस तासांत बंद होते. चिकातील प्रतिपिंडेही दुसऱ्या-तिसऱ्या धारेपासून वेगाने उतरतात. म्हणून पहिल्या दोन तासांत पहिला चीक आणि पहिल्या बारा तासांत वजनाच्या एकदशांश चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या वासराला तीन लिटर, हा सोपा हिशेब.

येथे खरवसाचा विषय टाळता येणार नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आठवणीत वेलची-जायफळाचा खरवस आहे. गुजराती शेजाऱ्यांकडे त्यालाच बळी म्हणतात. विरजण न लावता, नुसत्या वाफेवर चीक घट्ट का होतो? उष्णतेने गोठणारी ती प्रथिने म्हणजे मुख्यत्वे हीच प्रतिपिंडे. वाटीतील वडी जितकी घट्ट, तितके वासराचे संरक्षण त्या वाटीत उतरलेले असते. आणि शिजवल्यावर त्याचा आपल्याला प्रतिपिंड म्हणून काही उपयोग राहत नाही. मी खरवसाचा विरोधक नाही. चांगल्या दुधाळ गाईचा चीक वासराच्या गरजेहून पुष्कळदा अधिक असतो. माझे मागणे क्रमापुरते आहे : पहिल्या धारेवर हक्क वासराचा, त्याचे पोट भरल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा चीक घरादाराचा. तो खरवस थोडा सैल होईल, एवढेच. आणि हा हक्क कालवडीइतकाच गोऱ्ह्याचाही आहे. दुधाच्या धंद्यात नको असलेल्या नर वासराला चिकावाचून ठेवणे हे त्याला हळूहळू मारणेच आहे.

अनेक ठिकाणी अशी समजूत आहे की वार पडेपर्यंत वासराला पाजू नये. यात दुहेरी हानी आहे. वासराचे मोलाचे तास वाया जातात. आणि वासरू लुचल्याने गाईच्या शरीरात जे संप्रेरक सुटते, ज्याने ती पान्हा सोडते, तेच गर्भाशयाच्या आकुंचनाला साहाय्य करते. थोडक्यात, वार पडण्यासाठी वाट पाहावयाची नसून वासराला पाजावयाचे आहे. आणि वार अडकलीच तर ती ओढून काढू नये, तिला वजन बांधू नये, पशुवैद्याला बोलवावे.

ज्यांच्या घरी, शेतावर किंवा नातेवाइकांकडे जनावरे आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगतो. विण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून कॅल्शियमची औषधे देऊ नयेत, लसूणघास आवरावा, विण्याची जागा कोरडी व स्वच्छ ठेवावी. यापूर्वी दुग्धज्वर झालेल्या गाईची नोंद ठेवावी, कारण तिला तो पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो. व्याल्यानंतर पहिला दिवस-दोन दिवस अशा गाईची कास पूर्ण रिकामी करू नये. वासरापुरते व थोडे अधिक काढावे. पहिले तीन दिवस रात्री उठून एकदा तिचे कान चाचपून पाहावेत. थंड कान ही पहिली सूचना असते.

गाय बसली आणि उठेना, तर तिच्या दोन्ही बाजूंना पोती लावून तिला छातीवर बसती ठेवावी. आडवी पडू दिल्यास पोट फुगते. तिच्या तोंडात तेल, गूळपाणी किंवा औषध ओतू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि ओतलेले फुप्फुसात जाते. खाली वाळू किंवा गवताचा मऊ थर द्यावा आणि दर दोन तासांनी कूस बदलावी, कारण स्वतःच्याच भाराखाली मागच्या पायांचे स्नायू मरू लागतात आणि मग कॅल्शियम मिळूनही ती उठत नाही. शिरेतून कॅल्शियम देणे हे काम पशुवैद्याचेच. बाटली अंगाच्या उष्णतेइतकी कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश द्यावी लागते. जो क्षार हृदयाला चालवतो, तोच घाईने गेला तर हृदय थांबवतो. वेळेची घाई पशुवैद्याला बोलावण्यात करावी, सुईत नव्हे.

शहरात राहणाऱ्या पालकांनी म्हणावे, आमच्याकडे ना गोठा ना गाय. आम्ही काय करावे? आपण पिशवीतील दुधाचा दर पाहतो. त्या दराचा मोठा वाटा उत्पादकाकडे परतणे आणि दूध संघाची पशुवैद्यकीय सेवा गावापर्यंत वेळेवर पोहोचणे, या दोन्ही गोष्टींत ग्राहक म्हणून आणि नागरिक म्हणून आपला आवाज आहे. कोवळा चीक दारी विकावयास आला तर ‘वासराला पाजला का?’ एवढे विचारण्यास पैसे पडत नाहीत. आणि आपल्या मुलांपैकी एखाद्याला वैद्यक शिकावयाचे असेल, तर वैद्यकाची एक शाखा गोठ्यातही चालते, हे त्याला सांगावे. तासाभराच्या अंतरावर आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री दोन वाजता, कंदिलाच्या उजेडात, एका कुटुंबाची गाय पुन्हा उभी राहताना पाहण्याचे समाधान मिळवण्यासाठी तेवढा प्रवास फार नाही.